वादसभेला जाण्याआधी

पत्र मिळालं. उत्क्रांती की सृष्टिनिर्मिती, या जाहीर वादात विज्ञानाची बाजू मांडायला तुला बोलावलंय आणि तू प्रत्येक संभाव्य आक्षेपाचं उत्तर पाठ करायला घेतलंस. ती वही आधी मिटून ठेव.

देवाने सृष्टी घडवली असं मानणारे अमेरिकेतले सृष्टिवादी ड्युएन गिश व्यासपीठावर एका दमात आक्षेपांची फैर झाडायचे. उत्क्रांतीच्या शिक्षणाची बाजू लढवणाऱ्या युजिनी स्कॉट यांनी या तंत्राला ‘गिश गॅलप’ (गिशची घोडदौड) असं नावच देऊन टाकलं. आक्षेप एका वाक्याचा, उत्तराला मात्र दहा मिनिटं लागतात. त्या सगळ्यांच्या मागे धावणाऱ्याची दमछाक होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, निम्म्या प्रश्नांना उत्तरच नाही.

कोर्टात हे चालत नाही. अमेरिकेत डोव्हरच्या शाळेत ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्याने केली, हे मत) आणण्यावरून २००५ मध्ये खटला चालला. त्यात या मताचे पुरस्कर्ते मायकेल बेही साक्षीला उभे राहिले. रोगप्रतिकार यंत्रणा कशी उत्क्रांत झाली याचं उत्तर विज्ञानाकडे नाही, हा त्यांचा दावा. उलटतपासणीत वकिलांनी त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि वर पुस्तकांची चळत त्यांच्यापुढे ठेवली. एवढं पुरेसं नाही, असं ते म्हणाले, आणि न्यायाधीश जोन्स यांनी ते निकालपत्रात नोंदवलं. एकाच मुद्द्यावर ठाण मांडता आलं म्हणून हे घडलं.

तूही एकच पुरावा घे आणि तो तडीस ने. मी मानवाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र घेईन. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी गळून पडली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली असणार. आता हे तपासता येतं. गुणसूत्राच्या टोकांवर ‘टीटीएजीजीजी’ हा डीएनएच्या अक्षरांचा क्रम पुन्हापुन्हा येतो; जोड असेल तर तो मधेच कुठेतरी सापडला पाहिजे. १९९१ मध्ये तो सापडला, दोन टोकं समोरासमोर भिडलेली असावीत तसा: सांध्यापाशी क्रम उलटा होतो. प्रत्येक गुणसूत्रात एरवी एकच आवळलेला भाग असतो, सेंट्रोमिअर; या गुणसूत्रात निकामी झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरच्या खुणाही आहेत. हे सगळं सावकाश सांग, घाई नको. आणि जोड सापडला नसता तर आपली बाजू खरोखर अडचणीत आली असती, हेही स्पष्ट सांग.

डोव्हरच्या कोर्टात हाच पुरावा जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी मांडला होता. ते श्रद्धाळू कॅथलिक आहेत. सभेत देव मानणारे पुष्कळ असतील. देव सोडा मग बोलू, असा सूर तुझ्या तोंडून निघाला तर ती माणसं कान बंद करतील, आणि त्यात त्यांचा काय दोष?

२०१४ मध्ये विज्ञानप्रसारक बिल नाय आणि सृष्टिवादी केन हॅम यांना त्यांच्या जाहीर वादाच्या शेवटी विचारलं गेलं, तुमचं मत कशाने बदलेल? नाय म्हणाले, पुराव्याने. देवाचं वचन खोटं आहे हे मला कुणीच पटवू शकणार नाही, अशा अर्थाचं हॅम बोलले. हा प्रश्न तुलाही विचारतील. ‘पुराव्याने’ एवढंच म्हणून थांबू नकोस. नेमका कोणता पुरावा, ते लिहून रविवारपर्यंत मला पाठव.