वाड्यातला हॉल वाचवायचाय, ट्रस्ट काढू का?

प्रश्न : आम्ही सात-आठ जण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात साठ खुर्च्यांचा छोटा हॉल चालवतो, एकांकिका, गाण्याच्या बैठका होतात, पण तिकिटातून लाइटबिलसुद्धा निघत नाही. ट्रस्ट केला तर देणग्या मिळतील का?

उत्तर : मिळतील, पण लगेच नाही हो. आधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, मग इन्कम टॅक्सकडच्या दोन नोंदण्या घ्या, १२ए म्हणून ओळखतात ती ट्रस्टच्या उत्पन्नावरचा कर वाचवते आणि ८०जी म्हणतात ती देणगीदाराला करात सूट देते, कारण देणगीदार पहिला प्रश्न ८०जीचाच विचारतो. आणि दोन हजारांच्या वरची देणगी रोख घेऊच नका, देणगीदाराला तिच्यावर ती सूट मिळत नाही, चेक नाहीतर यूपीआय. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, हवा असेल तर सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्मही लागतो, आणि ज्या कामांना तो पैसा देता येतो त्यांच्या यादीत पारंपरिक कला आहेत.

पण खरं सांगू का, फाउंडेशनवाले एखाद्या प्रयोगाला, महोत्सवाला पैसे देतात, दर महिन्याचं भाडं आणि झाडूवाल्या मावशींचा पगार द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही, आणि हॉल बंद पडतात ते त्याच्यामुळेच. म्हणून अर्जात प्रत्येक कार्यक्रमाच्या बजेटमध्ये जागेचा, लाइटचा खर्च धरा, लाजू नका.

शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच एकदा बघून या, महाराष्ट्र कल्चरल सेंटर ही संस्था ते चालवते. छोटीशीच जागा आहे, नट अगदी हाताच्या अंतरावर असतो. तिथल्या लोकांशी बोला, हिशोब कसा बसवतात ते विचारा. आणि हो, दरवर्षीचं ऑडिट चुकवू नका.