नॅरेटर असताना वेगळा स्क्रीन रीडर कशाला?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे यजमान एका सरकारी बँकेच्या मुंबईतील कार्यालयात कर्ज विभागात काम करतात. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे त्यांची दृष्टी कमी होत गेली आणि वर्षभरापासून पडद्यावरची अक्षरे त्यांना अजिबात दिसत नाहीत. त्यांनी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, मागितला, तेव्हा आयटी विभागाने कळवले की विंडोजमध्ये नॅरेटर हा स्क्रीन रीडर आहेच, बाहेरचे सॉफ्टवेअर सुरक्षेच्या कारणास्तव बसवता येणार नाही. नॅरेटरवर मेल आणि वर्डच्या फायली वाचून होतात, पण कर्जाच्या प्रणालीत गेले की त्यांचे काम अडते. आयटी विभागाचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अर्धे बरोबर आहे, आणि त्या अर्ध्या भागाचे श्रेय त्यांना आधी देतो. नॅरेटर विंडोज २००० पासून विंडोजसोबत येतो. कितीतरी वर्षे तो इतका तोकडा होता की आम्हा अंध मंडळींच्या लेखी त्याचा उपयोग एवढाच होता, की त्याचे बोट धरून दुसरा स्क्रीन रीडर बसवून घ्यायचा. विंडोज १० पासून मात्र त्यात भरीव सुधारणा झाली. आज विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की कोणत्याही यंत्रावर तो बोलू लागतो, पासवर्डच्या पडद्यावरही बोलतो आणि नवा कोरा संगणक पहिल्यांदा सुरू करतानाही साथ देतो. मेल, वर्ड, साधी संकेतस्थळे एवढ्यापुरतेच काम असेल, तर नॅरेटर पुरेसा आहे असे मी आज निःशंकपणे सांगेन. दहा वर्षांपूर्वी सांगितले नसते.

आता उरलेला अर्धा भाग. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही. प्रत्येक बटण, चौकट किंवा तक्त्यातील ओळ ‘माझे नाव हे, मी या प्रकारची आणि सध्या माझी स्थिती ही’ अशी माहिती विंडोजला पुरवते आणि स्क्रीन रीडर ती उचलून बोलतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ही माहिती भरलीच नसेल, तर स्क्रीन रीडरच्या हाती काही लागत नाही. मागे अशाच एका कार्यालयात मी कर्जाच्या अर्जाचा पडदा नॅरेटरवर ऐकत बसलो होतो. टॅबची कळ दाबत गेलो आणि कानावर पडत गेले : ‘एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. बटन. बटन. बटन.’ त्या तीन बटणांपैकी एकाने अर्ज मंजूर होत होता आणि एकाने रद्द. कोणते कोणते, हे शेजारच्या डोळस सहकाऱ्याला विचारल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

इथे स्वतंत्र स्क्रीन रीडरचा फरक पडतो, आणि त्याचे कारण त्यांच्या जन्मातच आहे. जॉज हा स्क्रीन रीडर टेड हेंटर यांनी १९८९ मध्ये विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीसाठी आणला. ते मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणारे. १९७८ मधील मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्या काळात संगणकाने स्वतःहून काही माहिती पुरवण्याची सोयच नव्हती. पुढे विंडोज आल्यावर या मंडळींनी पडद्यावर अक्षरे रेखाटण्याच्या आज्ञा मधल्यामध्ये अडवून स्वतःचा नकाशा तयार करण्याची युक्ती काढली. ती युक्ती आता मागे पडली आहे, पण आडमुठ्या सॉफ्टवेअरला वळवून घेण्याची सवय राहिली. जॉजमध्ये एखाद्या ठराविक सॉफ्टवेअरसाठी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा आज्ञासंच, लिहिता येते. तुमच्या यजमानांच्या प्रणालीसाठी कोणी तशी स्क्रिप्ट लिहिली, तर त्या तीन मुक्या बटणांना नावे देता येतील आणि एखादी कळ दाबताच थकबाकीचा आकडा थेट वाचला जाईल. एनव्हीडीए या दुसऱ्या स्वतंत्र स्क्रीन रीडरमध्ये हेच काम पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेल्या पूरक भागाने, म्हणजे अ‍ॅड-ऑनने होते. बँकेची प्रणाली दूरच्या सर्व्हरवर चालत असून पडद्यावर तिचे केवळ चित्र येत असेल, तर प्रश्न आणखी बिकट होतो. त्यासाठी जॉजमध्ये सोय आहे, पण तिचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, हे खरेदीपूर्वीच पाहून ठेवावे.

सुरक्षेची शंका उडवून लावण्यासारखी नाही. स्क्रीन रीडर पडद्यावरचा शब्दन् शब्द वाचतो, तेव्हा बँकेने त्याची चौकशी करणे रास्तच आहे. पण चौकशी करणे निराळे आणि दार लावून घेणे निराळे. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेल्या एनव्हीडीएचा सगळा मूळ कोड खुला आहे, त्यामुळे आयटी विभागाला तो ओळ न् ओळ तपासता येतो. अ‍ॅड-ऑन बाहेरचे लोक लिहितात, म्हणून त्यांवर बंधन घालावे, मूळ सॉफ्टवेअरवर नको. एनव्हीडीए मोफत आहे हा आमच्याकडे कधीकधी त्याचा दोष मानला जातो. ‘फुकटचे आहे म्हणजे कच्चे असणार’ असे मला एका अधिकाऱ्याने तोंडावर सांगितले आहे. वेबएम या अमेरिकी संस्थेने डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत ४०.५ टक्के लोकांनी जॉज आणि ३७.७ टक्के लोकांनी एनव्हीडीए हा आपला मुख्य स्क्रीन रीडर असल्याचे सांगितले; नॅरेटर मुख्य मानणारे एक टक्काही नव्हते. पाहणीत उत्तर अमेरिकेतले लोक जास्त होते, तेव्हा आकडे जसेच्या तसे इकडे लावू नयेत, पण कच्च्या मालावर एवढे लोक पोट भरत नाहीत.

स्वतंत्र सॉफ्टवेअरची एक खोट मात्र सांगितलीच पाहिजे. ते कधीही बंद पडू शकते. विंडो-आइज नावाचा चांगला स्क्रीन रीडर २०१७ मध्ये बंद झाला आणि त्यावर हात बसलेल्या लोकांना नव्याने कळा पाठ कराव्या लागल्या. विंडोज आहे तोवर नॅरेटर राहणार, ही त्याची जमेची बाजू आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की बँकेकडे ‘जॉज द्या’ किंवा ‘एनव्हीडीए द्या’ असा अर्ज न करता चाचणी मागावी. कर्जाचा तोच एक पडदा, तोच एक खोटा अर्ज आणि त्यावर तिन्ही स्क्रीन रीडर एकाच दिवशी चालवून पाहावेत. जॉज परवान्याविना ४० मिनिटे चालतो, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. तेवढा वेळ चाचणीला पुरतो. अर्ज डोळस मदतीशिवाय पूर्ण झाला की नाही आणि किती वेळात, एवढेच लिहून घ्यावे. कोणताच चालला नाही, तर दोष त्या प्रणालीचा आहे हेही कागदावर येईल आणि बँकेला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे बोट दाखवता येईल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय पुरवणे बंधनकारक आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला तेवढ्या कारणावरून कामावरून काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करावा, भाषा मात्र भांडणाची नको. शिकण्यासाठी वरळीची राष्ट्रीय अंध संघटना आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांचे संसाधन केंद्र या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी. तुमच्या यजमानांना सॉफ्टवेअरइतकीच गरज आहे ती उंदीर बाजूला ठेवून केवळ कळफलकावर काम करण्याच्या सरावाची, आणि त्याला काही महिने लागतात.

प्रश्न : मी जन्मतः अंध असून मराठी विषय घेऊन एम.ए. करते. महाविद्यालयातून मिळालेल्या काही टिपणांच्या फायली एनव्हीडीए नीट वाचत नाही, इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक माळ ऐकू येते. मैत्रीण म्हणते, नॅरेटर वापरून बघ. त्याने फरक पडेल का? (एक विद्यार्थिनी, दादर)

उत्तर : पडणार नाही. तुम्ही हजार रुपयांचा वापरा की लाखाचा, माळ तीच ऐकू येईल, कारण फाईलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरे आहेत. युनिकोड ही प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत येण्यापूर्वीच्या मराठी टंकांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत, आणि डीटीपीच्या दुकानांत ते टंक अजूनही सर्रास चालतात. डोळस माणसाला चित्र दिसते म्हणून त्याला ‘क’ दिसतो. स्क्रीन रीडर चित्राखालचा संकेत वाचतो. प्राध्यापकांना मूळ फाईल युनिकोडमध्ये बदलून देण्याची विनंती करावी, त्यासाठी परिवर्तक सहज मिळतात. पाने स्कॅन करून बनवलेली पीडीएफ असेल, तर त्यात अक्षरेच नसतात, आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याचे काम, करून घ्यावे लागते.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा मात्र आवाज हा आहे. स्क्रीन रीडर आणि त्याचा आवाज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलक्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आवाज आहे. तो पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा वाटतो, पण वेग वाढवला तरी शब्द गिळत नाही, म्हणून मला तो अजून आवडतो. विंडोजमधला हिंदी आवाज कानाला गोड लागतो, पण त्याच्या तोंडी ज्ञानेश्वर हे ‘ग्यानेश्वर’ होतात, आणि मराठीच्या विद्यार्थिनीने वर्षभर हे ऐकत राहणे म्हणजे शिक्षाच आहे. कोणताही आवाज पारखायचा असेल तर त्याच्याकडून ‘ज्ञान, बाळ, चार, चारा’ एवढे चार शब्द वाचून घ्यावेत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’चा फरक लिखाणात दिसतच नाही, त्यामुळे तिथे बहुतेक यंत्रांची पंचाईत होते.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला प्रबंध लिहिताना नडेल. ‘पाणि’ आणि ‘पाणी’ हे दोन्ही कानाला जवळजवळ सारखेच लागतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका केवळ ऐकून सापडत नाहीत. शंका आली की बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐकावे. ब्रेल येत असेल आणि पडद्यावरचा मजकूर उठावदार ठिपक्यांत दाखवणारा ब्रेल डिस्प्ले हाती लागत असेल, तर शुद्धलेखनासाठी त्याच्यासारखे साधन नाही, कारण तिथे वेलांटी बोटाला लागते. एनव्हीडीएमध्ये मराठी ब्रेलची तालिका आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. काचबिंदूमुळे आता फारसे दिसत नाही, पण मोबाइलवर अँड्रॉइडचा टॉकबॅक हा स्क्रीन रीडर उत्तम वापरतो. परदेशातील मुलगा म्हणतो, मॅक घ्या, त्यात सगळे आधीपासूनच असते. घ्यावा का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : मुलाचे म्हणणे खरे आहे. व्हॉइसओव्हर हा अ‍ॅपलचा स्क्रीन रीडर मॅकमध्ये २००५ पासून आणि आयफोनमध्ये २००९ पासून आहे. मोबाइलवर तर आधीपासूनचा की वेगळा हा वाद केव्हाच मिटला, तुम्ही स्वतः टॉकबॅक वापरताच. पण मॅकवर व्हॉइसओव्हर एखाद्या ठिकाणी अडखळला, तर दुसरा पर्याय नाही. विंडोजवर एनव्हीडीए बंद पडला की नॅरेटर असतो, आणि नॅरेटरला वाचता आले नाही ते एनव्हीडीएकडून वाचून घेता येते. शिवाय काही अडले तर मुलुंड-ठाण्यात विंडोजवर एनव्हीडीए जाणणारा माणूस तुम्हाला सापडेल, मॅकवाला शोधत फिरावे लागेल. तेव्हा मी तुमच्या जागी असतो, तर विंडोजचा लॅपटॉपच घेतला असता.

घेताना दुकानातच विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून यंत्र बोलते का ते पाहावे. लॅमिंग्टन रोडवरचा विक्रेता बहुधा दचकेल आणि ‘काका, काय केलंत?’ म्हणेल. त्याच तीन कळा पुन्हा दाबल्या की ते गप्प होते. इन्सर्टची कळ स्वतंत्र आहे की दुसऱ्या कळीत दडवलेली आहे, हेही बोटाने चाचपून घ्यावे, कारण एनव्हीडीएच्या बहुतेक आज्ञा तिच्यावर चालतात. ती नसेल तर कॅप्स लॉकवर काम भागवता येते.