अँसिलस: माणूस नव्हे, गोगलगाय

प्रश्न: बाल्टिक समुद्राच्या इतिहासात ‘अँसिलस सरोवर’ येतं. हा अँसिलस कोण? आणि समुद्राला सरोवर का म्हणायचं?

कोणीही नाही! ‘अँसिलस यांच्या नावाचे सरोवर’ ही आदरार्थी गंमत भाषांतरांत वारंवार दिसते. अँसिलस ही गोड्या, वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारी गोगलगाय आहे. जेमतेम पाच-आठ मिलिमीटरचं टोपीसारखं कवच, त्याचं टोक मागे वाकलेलं. हे वाकणंच तिचं नाव. ग्रीक ‘अंकुलोस’ म्हणजे वाकडा.

आता कान टवकारा. त्याच मूळ धातूचा संस्कृत ‘अंकुश’, त्याचाच ‘अंक’ म्हणजे मांडी, शरीराच्या बाकात मूल बसतं ती जागा. ग्रीक ‘अंकुरा’, लॅटिन ‘अंकोरा’ अशा वाटेने आलेली इंग्रजी ‘अँकर’ही त्यातलीच, म्हणजे बातम्या सांगणारी अँकर या गोगलगाईची भावकी! आपली फळं तोडायची ‘आकडी’सुद्धा मी याच कुळात धरतो. धातुपाठवाले, म्हणजे संस्कृत धातूंची यादी प्रमाण मानणारे, इथे ‘अकि लक्षणे’ म्हणून ‘खूण करणे’ हा अर्थ पुढे करतात. मग हत्तीला अंकुश काय खूण करायला लावतात? आधी वाकडा आकडा, खूण नंतरची.

बरं, सरोवर. हिमयुगाची बर्फाची चादर (‘हिमनग’ नव्हे, तो पाण्यात तरंगतो) मागे हटू लागली तशी बाल्टिकच्या खळग्यात गोडं पाणी साठलं. मध्य स्वीडनमध्ये बिलिंगेन डोंगराशी बर्फाने त्या पाण्याची समुद्राकडची वाट अडवली होती. सुमारे 11,700 वर्षांपूर्वी ती मोकळी झाली, पातळी साधारण 25 मीटर उतरली आणि मागोमाग खारं पाणी शिरलं. पण बर्फाचं ओझं गेल्यावर जमीन वर येते. बाल्टिकच्या उत्तरेकडच्या बोथनियाच्या आखाताच्या काही भागांत ती आजही वर्षाला 8-9 मिलिमीटर वर येते. तिने ती वाट उथळ करून बंद केली. सुमारे 10,700 वर्षांपूर्वी पुन्हा गोडं सरोवर झालं, तेच अँसिलस सरोवर, आणि त्याच्या जुन्या किनाऱ्यांच्या वाळू-गोट्यांत ही कवचं सापडतात. खाऱ्या पाण्यात ती जगत नाही, म्हणून साक्ष पक्की. मात्र जुनी कवचं वाहून नव्या थरात जाऊ शकतात. म्हणून गाळातले डायाटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, तपासून खातरजमा करतात.

माणूसच हवा असेल तर त्याआधीचा, खारं पाणी शिरून झालेला ‘योल्डिया समुद्र’ घ्या. शंखशिंपले जमवणारे काउंट योल्डी यांच्यावरून शिंपल्याला नाव, शिंपल्यावरून समुद्राला. शास्त्रज्ञांनी पुढे त्या शिंपल्याला पोर्टलँडिया केलं, समुद्र योल्डियाच राहिला.

सरोवरानंतर महासागराची पातळी वाढून डेन्मार्कच्या सामुद्रधुन्यांतून खारं पाणी आलं, तो लिटोरिना समुद्र. हीसुद्धा गोगलगाय, पण खाऱ्या पाण्यातली. नाव लॅटिन ‘लितुस’ म्हणजे किनारा यावरून. त्यात ‘त’ एकच आहे. प्राणिशास्त्रातल्या नावातलं (Littorina) जोडाक्षर बघून मराठीत ‘लिट्टोरिना’ लिहिणाऱ्यांनी निदान भूशास्त्राच्या लेखात तरी ते टाळावं.