प्रोस्टेटच्या ब्लॉकवर प्रोटीन मार्कर टेस्ट करावी का? (मोठं उत्तर आहे, सवडीनं वाचा)

ताई, तुमचा प्रश्न रात्रीच वाचला होता पण मोबाईलवर एवढं टाइप होत नाही म्हणून आज सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरवर बसलोय. म्हणजे वडील विट्यात, वय ६४, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ८.२, बायोप्सीच्या १२ तुकड्यांपैकी दोनात कॅन्सर, एकात ३+३ आणि एकात ३+४ (ही ग्लीसनची ग्रेड, आकडा मोठा तेवढा कॅन्सर दांडगा, पहिला आकडा जास्त भागातला), आणि पुण्यातलं ओळखीचं कुणीतरी म्हणतंय की टिश्यू अमेरिकेला पाठवा, प्रोटीनची टेस्ट होते, ऑपरेशन लागणार का नाही ते आधीच कळतं. बरोबर ना?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मिरजेत २८ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत (बायोप्सी तपासायच्या लॅबमध्ये) टेक्निशियन होतो, ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, तो कापणं आणि स्टेन म्हणजे रंग चढवणं हेच काम, आणि आमचे थोरले बंधू याच आजाराचे पेशंट. त्यामुळं दोन्हीकडनं बघितलंय.

पहिली गोष्ट, रिपोर्टमध्ये तुम्ही जी ओळ लाल पेनानं गोल करून टाकलीय ना, "एएमएसीआर पॉझिटिव्ह, पी६३ निगेटिव्ह", ती बघून घाबरू नका. ती धोका सांगणारी ओळच नाहीये. चांगल्या ग्रंथीला बाहेरून बेसल पेशींचं अस्तर असतं, पी६३ चा स्टेन केला की त्या पेशींचे केंद्रक तपकिरी ठिपक्यांसारखे कडेकडेनं दिसतात, कॅन्सरच्या ग्रंथीला ते अस्तरच नसतं म्हणून ठिपके गायब. एएमएसीआर उलटं, कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा वाढतं. म्हणजे हे दोन्ही स्टेन "कॅन्सर आहे का नाही" एवढंच सांगायला असतात, "कसला आहे, गरीब का दांडगा" ते त्यातनं कळत नाही. आमच्याकडं कितीतरी लोक पॉझिटिव्ह शब्द वाचून काउंटरवरच रडायला लागायचे.

धोका सांगणारी प्रोटीनं वेगळी. केआय-६७ म्हणजे किती पेशी विभागायच्या तयारीत आहेत त्याचा हिशोब, टक्केवारीत येतो. पीटेन हे एक ब्रेकसारखं प्रोटीन, ते कॅन्सरच्या पेशीतनं नाहीसं झालं असेल तर ३+३ दिसणारा कॅन्सर खरा त्याच्यापेक्षा वरच्या ग्रेडचा निघायची शक्यता वाढते. हे दोन स्टेन आपल्याकडच्या मोठ्या लॅबमध्ये होतात, अमेरिका लागत नाही. आणि तुमच्या पुण्याच्या ओळखीच्यांनी सांगितलेली टेस्ट म्हणजे बहुतेक प्रोमार्क (ती अजून मिळते का ते आधी विचारून घ्या), आठ प्रोटीनं एकदम मोजतात, त्यात स्मॅड४ आहे, पीएस६ आहे, एफयूएस आहे, बाकीची नावं सांगून तुमचं डोकं खात नाही. आमच्यासारखा तपकिरी रंग नाही, चमकणारे रंग लावून कॉम्प्युटरनं मोजतात आणि ० ते १ मध्ये आकडा देतात, ०.३३ किंवा खाली असेल तर बरं, ०.८० च्या वर गेला तर काळजीचं. २०१५ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला होता. ती ३+३ आणि ३+४ वाल्यांसाठीच बनवलीय, म्हणजे तुमच्या वडिलांसारख्यांसाठीच, हे मान्य. (ऑन्कोटाइप, प्रोलारिस, डिसायफर ही नावं कुणी सांगितली तर त्या जीनच्या म्हणजे आरएनएच्या टेस्ट, प्रोटीनच्या नव्हेत, दोन्हीची गल्लत करू नका.)

आता माझं मत. टेस्ट वाईट नाही, पण सगळ्या टेस्ट त्याच शेवयांवर होतात. शेवया म्हणतोय कारण बायोप्सीचे तुकडे बाटलीत तसेच दिसतात, दीडेक सेंटीमीटर लांब, मिलिमीटरभर जाड, पांढरट. सांगलीच्या मार्केट यार्डात ज्वारीच्या पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढतात ते बघितलं असेल, तसंच हे. नळी जिथं गेली तिथली ज्वारी कळते, पोत्याच्या तळाला भिजून बुरशी धरली असेल तर नळीला काय पत्ता. आठ प्रोटीनवाल्यांनी हे ओळखून मुद्दाम अशी प्रोटीनं निवडली की सुई थोडी सौम्य भागात लागली तरी आकडा फार चुकू नये, हुशारीच आहे ती, पण सुई गाठीला शिवलीच नसेल तर कुठलं प्रोटीन काय सांगणार.

हे मी घरच्या अनुभवानं सांगतोय. २०१७ मध्ये आमच्या दादांचं निदान झालं, पीएसए ६.८, दोन तुकड्यात ३+३. जिथं बायोप्सी केली तिथं सगळे १२ तुकडे एकाच बाटलीत टाकून दिलेले, उजवं कुठलं डावं कुठलं काही पत्ता नाही, एकमेकात गुंतलेले, कापताना मला कळत होतं की यातला अर्धा मालच चाकूखाली नीट येणार नाही. भांडण केलं, उपयोग शून्य. मग ब्लॉक परळला टाटाला नेऊन दाखवला, तिथंही ३+३ च आलं. मी हौशीनं केआय-६७ आणि पीटेन पण करवून घेतलं, केआय कमी, पीटेन शाबूत. सगळं छान! दादा निवांत, मी त्यांच्यापेक्षा निवांत, दर सहा महिन्यांनी पीएसए करायचा एवढंच. एमआरआय आम्ही केलाच नाही, आणि ही चूक माझी, त्यांची नव्हे, कारण मीच म्हणालो होतो की स्टेन एवढे चांगले आलेत, कशाला खर्च.

२०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी आलं, फाईल, रिपोर्ट, सोनाराच्या पिशवीत ठेवलेले सगळे कागद गेले. ब्लॉक तेवढा लॅबच्या वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. पुरानंतर दोन-तीन महिन्यांनी पीएसए केला तर ११ च्या पुढं. मग एमआरआय केला, तर प्रोस्टेटच्या पुढच्या बाजूला डाग, गुदमार्गातनं जाणारी सुई नेहमीच्या बायोप्सीत तिथं सहसा पोचतच नाही. त्या डागावर नेम धरून पुन्हा बायोप्सी केली, ४+३ निघालं. जुन्या ब्लॉकची स्लाईड मी परत काढून मायक्रोस्कोपखाली बघितली, पीटेन अजून तसंच, सुरेख तपकिरी. त्या स्लाईडनं खोटं काही सांगितलं नव्हतं, ती दुसऱ्याच जागेची होती. दादांना रेडिएशन आणि हॉर्मोनची इंजेक्शनं झाली, आता ठीक आहेत, कट्ट्यावर बसून भडंग खात राजकारणावर भांडतात.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा क्रम असा. बायोप्सीच्या आधी एमआरआय झाला होता का ते बघा, तुमच्या पोस्टमध्ये कुठं उल्लेख नाही. झाला नसेल तर अमेरिकेच्या आधी तो. (बायोप्सीनंतर लगेच केला तर आतल्या रक्तस्रावामुळं चित्र गढूळ येतं, सहा-आठ आठवडे थांबायला सांगतात.) मग ब्लॉक आणि स्लाईड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला, शक्यतो प्रोस्टेट रोज बघणाऱ्याला दाखवा, आणि ३+४ मधलं ४ किती टक्के आहे आणि त्यात क्रिब्रिफॉर्म आहे का हे दोन प्रश्न लिहूनच द्या. क्रिब्रिफॉर्म म्हणजे ग्रंथी चाळणीसारख्या भोकाभोकांच्या दिसतात, ते असलं तर नुसतं लक्ष ठेवून बसणं बरेच डॉक्टर टाळतात, आणि हे फुकटात, साध्या स्लाईडवर दिसतं. वडील लघवीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेतात का तेही सांगा, त्या गोळ्यांनी काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो, म्हणजे ८.२ हा ८.२ राहत नाही.

एवढं करून ३+४ मधल्या ४ चा टक्का कमी, क्रिब्रिफॉर्म नाही, एमआरआयमध्ये मोठं काही नाही, आणि डॉक्टर म्हणतायत की लक्ष ठेवणं किंवा ऑपरेशन दोन्ही चालेल, तिथं मार्करचा खरा उपयोग. आणि पैसे भरायच्या आधी डॉक्टरांना एकच विचारा, की आकडा कमी आला तर तुम्ही काय कराल आणि जास्त आला तर काय कराल. दोन्हीला उत्तर "ऑपरेशनच" असेल तर मग टेस्ट कशाला?

आणि घाई नाहीये हे पण समजून घ्या. ब्रिटनमधली प्रोटेक्ट नावाची चाचणी, १६४३ पुरुष, लक्ष ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन असे तीन गट, १५ वर्षांनी या कॅन्सरनं गेलेले तिन्ही गटात ३ टक्क्यांच्या आसपासच. फक्त पसरण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्यांत ९ टक्क्यांच्या वर होतं आणि बाकी दोघांत ५ च्या आसपास, तेव्हा अगदीच निर्धास्त पण नको. लोक तिकडचे, आपले नव्हेत, हेही लक्षात असू द्या.

ब्लॉकबद्दल थोडं, कारण हे कुणी सांगत नाही. कुठलाही प्रोटीनचा स्टेन ब्लॉक कसा बनलाय त्यावर असतो. तुकडा सुईतनं निघाल्यावर लगेच फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) गेला पाहिजे, पीएस६ सारखी प्रोटीनं उशीर झाला की खराब होतात. कमी वेळ ठेवला तर आतनं कच्चा, फार दिवस ठेवला तर प्रोटीन असं जखडून बसतं की आम्हाला प्रेशर कुकरमध्ये शिजवून मोकळं करावं लागतं. खरंच कुकर, शिट्टीचा, सायट्रेटच्या पाण्यात स्लाईड उभ्या करून. बायको एकदा लॅबमध्ये आली आणि विचारलं, आज काय आमटी का!

आणि "पुढं लागतील" म्हणून आत्ताच कोऱ्या स्लाईड कापून घेऊ नका, कापून ठेवलेल्या स्लाईडवर काही महिन्यांत स्टेन फिका यायला लागतो, ब्लॉकमध्ये मात्र वर्षानुवर्षं टिकतं. दर वेळी कापताना थोडा माल जातोच, तो मुळातच मिलिमीटरभर आहे.

ब्लॉक आणायला जाल तेव्हा ज्या दोन तुकड्यांत कॅन्सर आहे त्याच ब्लॉकचे नंबर रिपोर्टवरनं लिहून न्या, लॅबवाले कधीकधी भलताच ब्लॉक हातात देतात. मुंबईला नेणार असाल तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं न्या, छोट्या डबीत कापसात गुंडाळून, बॅगेत. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात ठेवू नका, ते मेण ५६-५८ डिग्रीला वितळतं. आणि रिपोर्टमधला मायक्रोस्कोपीचा पूर्ण परिच्छेद, वडिलांचं नाव झाकून, इथं टाका, मी वाचून सांगतो त्यात काय काय लिहायचं राहिलंय.