नालासोपाऱ्याखाली शूर्पारक हे प्राचीन बंदर गाडलेलं आहे म्हणतात, मग न खोदता मशीनने शोधत का नाहीत?

मशीन आहे हो, जमीन साथ देत नाही. मी पुरातत्त्ववाला नाही, मुंबईत रस्ता खोदायच्या आधी खाली केबल-पाइप कुठून गेलेत ते बघायला जीपीआर फिरवतो, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार. जुनी शहरं शोधायलाही हेच वापरतात.

स्क्रीनवर थेट नकाशा उमटतो असं वाटत असेल तर तसं नसतं. पाइपवरून रडारची गाडी गेली की उलट्या वाटीसारखी कमान दिसते, बस. अशा शेकडो ओळी शेजारी-शेजारी घेऊन, कॉम्प्युटरवर जोडून आडवे काप काढले की मग भिंती, रस्ते कळायला लागतात. रोमच्या उत्तरेला फालेरी नोवी नावाचं जुनं रोमन शहर आहे, तिथे केंब्रिज आणि घेंट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी क्वाड बाइकमागे अँटेना लावून 30.5 हेक्टर पिंजून काढलं, दर 12.5 सेंटीमीटरला एक रीडिंग, आणि 2020 मध्ये नकाशा छापला. देऊळ, बाजार, स्नानगृह, अगदी इमारतींखालून गेलेले पाण्याचे पाइपसुद्धा, एक फावडं न मारता! पण तिथे वर जवळपास मोकळी शेतंच आहेत.

सोपाऱ्यात वर बिल्डिंगी आणि खाली खाडीकाठची ओली चिकणमाती, त्यात मीठ. अशी माती वीज छान वाहून नेते, त्यामुळे रडारची लहर वरच्या वरच विरते, मीटरभर खालचं दिसलं तरी नशीब समजायचं.

मग मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं मशीन? भट्ट्या, भाजलेल्या विटा शोधायला तो एक नंबर, कारण भाजून थंड होताना त्यांच्यातली लोहखनिजं चुंबकीय होऊन बसतात. पण आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र 40 हजार नॅनोटेस्लाच्या वर आणि गाडलेल्या भिंतीने पडणारा फरक कधीकधी दोन-चारच, म्हणून चालवणाऱ्याला बेल्टचं बक्कल, किल्ल्या, फोन सगळं बाजूला ठेवावं लागतं आणि इथे तर शेजारून विरार लोकल धावतेय. कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं 1904 च्या सुमारास अलिबागला हलवली ती याचसाठी, मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार होत्या ना. त्यात आपला काळा दगड, बेसाल्ट, मुळातच चुंबकीय, तो बांधकामाचा की नुसता पडलेला हे रीडिंगवरून कसं ओळखणार?

माझ्या मते अख्ख्या शहराचा नाद सोडावा आणि जे मोकळे, जरा उंच, कोरडे तुकडे उरलेत तिथे उन्हाळ्यात रेझिस्टिव्हिटी करावी, म्हणजे जमिनीत सळया रोवून करंटला किती अडथळा होतो ते मोजायचं. दगडी पाया असेल तर अडथळा जास्त, पाणी धरलेला खड्डा असेल तर कमी. काम फार स्लो आहे, पण मशीन स्वस्त. नाहीतर जुने पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींची पद्धत आहेच, 1882 मध्ये लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे ते टेकाड त्यांनी सरळ खोदलं आणि आत स्तूप निघाला, पोटात दगडी पेटी! तो अजून आहे, स्टेशनहून वेस्टला रिक्षा करा.