उत्तर: फाइलची वाट बघू नका, भागाकार करायला द्या

तुमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये (आईवडिलांकडे राहता येत नाही म्हणून दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला) आलेली सातवीतली मुलगी, तीन वर्षांत तिसरं घर, शाळा म्हणते 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', आणि जुन्या शाळेची कागदपत्रं आली की सातवीच्या गणिताची शिकवणी लावायची, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही. दोन्ही थांबवा, वाट बघणंही आणि शिकवणीही.

प्रवेश, वह्या-पुस्तकं वगैरे झालंच असेल, त्यात जात नाही. फॉस्टर केअरमधल्या मुलांचं अभ्यासातलं राहिलेलं बहुतेकदा ठरावीक महिन्यांतलं असतं. एका कागदावर महिने लिहा, पुढे ती कुठल्या घरी, कुठल्या शाळेत होती ते. घर बदललं त्याच्या आगेमागे दोन-तीन महिने त्या इयत्तेत काय चाललं होतं ते पुस्तकात बघा. दोन शाळांचा क्रम जुळत नाही, त्यामुळे एखादा धडा दोनदा होतो आणि एखादा एकदाही नाही.

मग ६१२ भागिले ३ द्या. उत्तर २४ आलं तर समजा, मधल्या १ ला ३ चा भाग जात नाही तेव्हा वर शून्य मांडायचं, तेवढंच निसटलंय (हवं २०४). पुढे दशांश, गुणोत्तर सगळं तिथेच घसरतं आणि वर्गात ते 'दुर्लक्ष' दिसतं. शिकवणीवाले मात्र सातवीचीच गणितं घोटून घेतात. त्यापेक्षा रोज १५ मिनिटं, फक्त भागाकार, दिवसाला पाच. सलग तीन दिवस बरोबर आले की पुढचं.

आमच्याकडे असंच एक मूल आलं तेव्हा आम्ही नेमकं इथेच फसलो. रेकॉर्ड येईपर्यंत थांबलो. फॉस्टर केअरचं कार्यालय म्हणे फाइल शाळेत, शाळा म्हणे कार्यालयात. अख्खं सत्र गेलं आणि हातात आली गुणपत्रिका! त्यात टक्के होते, मुलाला काय येत नाही ते नव्हतं. लेखी अर्ज जरूर द्या, पोच घ्या, पण शिकवणं त्यावर अडवू नका. फाइलमधून तातडीने हवं ते एवढंच: आधी विशेष गरजांची तपासणी झाली होती का, आणि चष्मा किंवा कानाची काही नोंद आहे का. नसेल तर 'अध्ययन अक्षमता' हा शब्द काढायच्या आधी डोळे-कान तपासून घ्या. सतत घरं बदलली की हे राहून जातं.

(मी वकील नाही, समुपदेशकही नाही. सहलीच्या किंवा तपासणीच्या संमतीवर सही कोणाची चालते ते तुमच्या केसवर्करकडून (मुलीचं प्रकरण बघणाऱ्या कार्यकर्त्याकडून) लेखी घ्या.)

आणखी एक. तिच्या आईवडिलांच्या भेटी, बैठका ठरवताना वेळापत्रक समोर ठेवा. दर मंगळवारी तिसऱ्या तासाला उठवलं तर दर मंगळवारचं गणित बुडतं, मग कितीही भागाकार करून घ्या. भेटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी नको, हे वर्गशिक्षकांना आधीच सांगा, कारण सांगायची गरज नाही. 'वंशवृक्ष काढा', 'लहानपणीचा फोटो आणा' असले प्रकल्प कधी आहेत तेही विचारून ठेवा. पर्याय मागायचा तो सगळ्या वर्गासाठी मागा, तिच्या एकटीसाठी नको.