वाग्नर ऐकावा का, आणि ऐकायचा तर कुठून?

रिचर्ड वाग्नर ज्यूंचा द्वेष करायचा, हिटलरचा तो लाडका जर्मन संगीतकार. मग त्याचे ऑपेरा ऐकावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी ऐकतो. मात्र चाहत्यांची एक ठरलेली सबब मला पटत नाही: वाग्नर १८८३ मध्ये वारला, हिटलर जन्मला १८८९ मध्ये, मग त्याचा काय दोष? अहो, हिटलरला बाजूला ठेवलं तरी वाग्नरचं स्वतःचं खातं काही कोरं नाही. संगीतातल्या ज्यूंविरुद्धचा विखारी लेख त्याने १८५० मध्ये टोपणनावाने छापला आणि १८६९ मध्ये पुन्हा काढला तो स्वतःच्या नावाने. म्हणजे तरुणपणीचा आततायीपणा म्हणूनही सोडून देता येत नाही. त्या लेखात मायरबेअर या ज्यू संगीतकारावर नाव न घेता झोड उठवलीय. याच मायरबेअरने शब्द टाकल्यामुळे वाग्नरचा 'रिएन्झी' हा ऑपेरा ड्रेस्डेनमध्ये रंगमंचावर आला होता! आणि गंमत बघा, १८८२ मध्ये बायरॉइटला, वाग्नरच्या स्वतःच्या नाट्यगृहात, त्याच्या 'पार्सिफाल' या ऑपेराचा पहिला प्रयोग हेरमान लेवीने संचालित केला. लेवी एका रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा. त्याने बाप्तिस्मा घ्यावा म्हणून वाग्नर मागे लागला होता; लेवी बधला नाही.

इस्रायलमध्ये वाग्नर वाजवायचा नाही हा संकेत १९३८ पासूनचा, म्हणजे देश स्थापन होण्याआधीपासूनचा. आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी १९८१ मध्ये तेल अवीवला वाग्नरच्या 'ट्रिस्टान' या ऑपेराचा शेवट वाजवायला घेतला. ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल उठून जावं, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. तरीही सभागृहात गोंधळ झालाच. मेहतांची तळमळ मला कळते, पण माझा कौल त्या विरोध करणाऱ्यांच्या बाजूने. छळछावणीतून वाचलेल्या माणसाला 'कला वेगळी, कलाकार वेगळा' हे ऐकवणारे आपण कोण? आपण घरी हेडफोन लावून ऐकतो, ते सोपं आहे.

सुरुवात 'रिंग' या ऑपेरामालिकेपासून करू नका. चार रात्रींचा, साधारण पंधरा तासांचा मामला आहे तो. आधी 'ट्रिस्टान'चं प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत ऐका, दहा-बारा मिनिटांचं. सुरुवातीलाच एक स्वरमेळ असा लटकत ठेवलाय की कान विसाव्याची जागा शोधत राहतो, आणि ती मिळते थेट ऑपेराच्या शेवटी. ते जमलं की 'मास्टरसिंगर' हा ऑपेरा घ्या, पण शेवटच्या प्रवेशातलं हान्स झाक्स या पात्राचं भाषण शब्द समोर ठेवून ऐका. परक्यांपासून जर्मन कलेला जपा, हा इशारा तिथे ऐन रंगात आलेल्या संगीतावर स्वार होऊन येतो.